दगडावर ठेवलेला कॅमेरा

सई आणि मिहिर, गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, रविवारचा फोटो का नाही आला?" आणि मी सांगितलं, कॅमेरा बिघडलाय. ते खोटं होतं. कॅमेरा उत्तम चालतो आहे. मीच शेतात गेले नव्हते, कारण चंद्राबाई वारल्या होत्या आणि तुमच्या शाळेला निघण्याच्या घाईत हे मला फोनवर सांगता आलं नसतं. तुम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर मी फोन त्यांच्याकडे वळवला की त्या पदर तोंडावर ओढून बाजूला व्हायच्या. पण तुमच्या खोलीच्या भिंतीवर मळवलीचे जे फोटो ओळीने लावलेत, त्यांतला बहुतेक एकही त्यांच्याशिवाय तुमच्यापर्यंत पोहोचला नसता. ते कसं, हे मी या पानावर लिहून ठेवते आहे. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. आणि आत्ताच लिहिते आहे, कारण त्यांच्या खाचरातलं भात आता निसवतंय, लोंब्या बाहेर पडताहेत. कापणी झाली की ते खाचर रिकामं दिसेल. ते भरलेलं आहे तोवर मला हे लिहून संपवायचंय.

बातमी नामदेवने आणली. नामदेव त्यांच्या बहिणीचा मुलगा, लोहगडवाडीला गड चढणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचा स्टॉल चालवतो. एरवी तो फाटक उघडून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो. त्या सकाळी तो फाटकाबाहेरच उभा राहिला, टोपी हातात धरून. "बाई, आमची मावशी गेली. पहाटं." मला दोन दिवस आधीचं त्यांचं तापलेलं कपाळ आठवलं. कामशेतला डॉक्टरकडे चला म्हणून मी वाद घातला होता आणि त्यांनी "उंद्या बघू, आज पानी बघायचंय" म्हणून मला परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलोही, औषधही आणलं. पण उशीर झाला होता, की व्हायचंच होतं, हे मला कळलेलं नाही... नामदेवने खिशातून बंगल्याची किल्ली काढली. लाल नाडी बांधलेली. "ही बाईंची बाईंना दे, म्हनली व्हती." चोवीस वर्षं ती किल्ली त्यांच्या खुंटीला होती. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच. तो म्हणाला, "ठीवतो. पन आधी तुमी येकदा हातात घ्या. तिनं सांगितलंय." मग मी ती घेतली, आणि परत त्याला दिली.

तुमच्या आजोबांनी आणि मी हा छोटा बंगला बांधला तेव्हा मी लोणावळ्याला शाळेत इंग्रजी शिकवत होते. मळवलीला आम्ही फक्त सुट्टीत यायचो. मी निवृत्त झाल्यावर इथेच राहायला आले. बंगल्यामागे उतारावर भाताची खाचरं आहेत. खाचर म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घालून पाणी अडवलेला तुकडा. वरच्या खाचरातून पाणी खालच्यात, त्यातून त्याच्या खालच्यात, असं उतरत जातं. त्यांतली तीन चंद्राबाईंची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, शेत एकटीने करायच्या आणि आमच्या बंगल्याची देखरेखही. पगार मी देत होते, तेव्हा मालकीण मी, असा माझा काही वर्षं समज होता. तो त्यांनी न भांडता काढून टाकला. एकदा मी भिंतीवर कामांची यादी लावली, सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, ह्ये कुनासाठी? मला वाचता येत न्हाई, आनि तुमाला तर म्हाईतच हाय." त्या मला बाई म्हणायच्या, मी त्यांना चंद्राबाई. दोघी एकमेकींना अहो-जाहो. वयही सारखंच, फक्त त्यांना त्यांचं नक्की ठाऊक नव्हतं आणि माझं मी सांगत नव्हते.

फोटोंची गोष्ट तुमच्यापासून सुरू झाली. तुम्ही विचारलं होतंत, आजी, तुझ्याकडे बाहेर काय दिसतं? मी ठरवलं, नीट दाखवायचं. वर्षभर, दर रविवारी सकाळी आठ वाजता, एकाच जागेवरून एकच फोटो. बाबाने पाठवलेला कॅमेरा होता, पण माझा हात थोडा थरथरतो. म्हणून मी कॅमेरा चंद्राबाईंच्या सगळ्यात खालच्या खाचराच्या कोपऱ्यावरच्या दगडावर ठेवायची. तो हद्दीचा दगड. गुडघ्याएवढा उंच, वरून सपाट. त्याच्यापलीकडे दुसऱ्याची जमीन. समोर विजेचा खांब, त्यामागे डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि दोन्हींच्या मधली खिंड. कॅमेरा दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून मी दगडावर खडूने खूण केली. पावसाने ती धुऊन गेली. मी पुन्हा केली, पुन्हा गेली. तिसऱ्या रविवारी गेले तर दगडावर विळ्याच्या टोकाने कोरलेली बोटभर लांब खाच होती. "आता जाईल व्हय?" चंद्राबाईंनी विचारलं. पाऊस असला की त्या मागे उभ्या राहून कॅमेऱ्यावर त्यांची काळी छत्री धरायच्या. त्या छत्रीचा एक कोपरा फोटोत वर उजवीकडे हटकून यायचा. मी सांगायची, चंद्राबाई, जरा मागे. त्या मागे व्हायच्या, आणि पुढच्या रविवारी कोपरा पुन्हा हजर. माझ्या वहीत अशा फोटोंपुढे मी 'खराब' असा शेरा मारून ठेवला होता. वर्ष पुरं झालं की सगळे फोटो एकदम तुम्हाला पाठवायचे, तोवर कॉम्प्युटरवरसुद्धा घ्यायचे नाहीत, असा माझा नियम होता. अर्धवट लिहिलेली वही मी कधी तपासली नाही, तसंच हेही. सगळे फोटो कॅमेऱ्यातल्या त्या एका नखाएवढ्या कार्डावर. हा शिस्तीचा मूर्खपणा होता, पण ते कळायला अजून अवकाश होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला बहिणीकडे गेले आणि जूनच्या मध्यावर परतले. डोळा स्वच्छ झाला होता. बंगल्यामागे गेले तर त्या स्वच्छ डोळ्याला पहिली गोष्ट दिसली ती ही, की खालच्या खाचराचा एका बाजूचा बांधच नाही. पलीकडची जमीन मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतली होती, फार्महाउस चाललं होतं, आणि त्यांच्या कामावरच्या माणसाने जेसीबी फिरवून जागा सपाट केली होती. बांध गेला, दगड गेला आणि खाचराच्या आत साडेतीन पावलांवर तारेचं कुंपण उभं राहिलं. चंद्राबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी त्या माणसाला, सगळे त्याला सुपरवायझर म्हणायचे, चार वेळा सांगून पाहिलं होतं. "तो काय म्हनतो, हितं बांध नव्हताच. दगड दाकवा. मी म्हनलं, दगड तुज्या मशिननं खाल्ला, आनि दाकवू मी?" सरकारी मोजणीसाठी नामदेवने अर्ज केला होता, पण ती महिन्यांनी होणार. आणि भात महिने थांबत नाही. वरच्या तुकड्यात रोपं हिरवीगार वीतभर झाली होती, दोन-तीन आठवड्यांत लावणी करायला हवी होती. बांध नाही तर पाणी ठरत नाही, पाणी ठरत नाही तर लावणी नाही. तीन खाचरांत सगळ्यात मोठं तेच. त्यांचं वर्षाचं खाणं त्यात पिकायचं.

मालक येत्या रविवारी येणार आहेत, हे नामदेव शोधून आला. "ते येतील तवा काय तरी दाकवायला पायजे," तो म्हणाला. आम्ही तिघं माझ्या ओट्यावर बसलो होतो. चंद्राबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई, तुमी वर्सभर फोटू काडलेत की." मी म्हटलं, काढलेत, पण त्यांत एकातही दगड नाही. कॅमेराच दगडावर ठेवलेला, मग दगड कसा दिसेल? नामदेवचा चेहरा उतरला. चंद्राबाई मात्र सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, "दगड न्हाई दिसत. पन दगडावरनं काय दिसतं ते तर दिसतं ना? खांब खिंडीत कुटं दिसतो, ते त्या दगडावरनंच तसं दिसनार. दोन पावलं हिकडं सरा, खांब लोहगडावर जाईल." मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. हे मला सुचलं नव्हतं.

कॅमेरा त्यांच्या घरी होता. बंद बंगल्यात पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते, म्हणून मी नसताना त्यांनी तो उचलून नेला होता. त्यांनी तो आणून दिला, मी कार्ड काढलं, कार्ड-रीडरमध्ये घातलं, रीडर लॅपटॉपला जोडला. पडद्यावर चौकट आली. कार्ड वापरण्याआधी ते फॉरमॅट करावं लागेल, करायचं का, असं इंग्रजीत, अगदी सभ्यपणे विचारलेलं. खाली 'हो' आणि 'नाही'. मुलांनो, तुमच्या आजीने आयुष्यभर छापील इंग्रजी सूचना पाळलेल्या आहेत. माझं बोट 'हो'वर गेलं होतं. शेजारी उभ्या चंद्राबाईंनी विचारलं, "काय म्हनतंय?" मी म्हटलं, म्हणतंय की आधी कार्ड नव्याने तयार करून घ्या. "नव्यानं म्हंजी?" मग मला अर्थ सांगावा लागला, आणि सांगता सांगता माझा मलाच कळला. म्हणजे त्यावरचं सगळं पुसून. चंद्राबाईंनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच. "आवो, शेत नांगरून टाकायचं आनि मंग त्यात बी शोधायचं व्हय? हात काडा." मी हात काढला. ते कार्ड बचावलं ते तिथे, बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे.

तुमच्या बाबाला फोन लावला. तुमच्याकडे रात्र होती, तो अर्धवट झोपेत होता, पण फार चांगलं बोलला. कार्डावर काहीही लिहू नकोस, नवीन फोटो काढू नकोस, आणि दोष नक्की कुठे आहे ते आधी शोध. कार्डात, रीडरमध्ये, की लॅपटॉपमध्ये. मी वही घेतली, रकाने आखले आणि तिथेच अडले, कारण सुरुवात कुठून करायची कळेना. मी हे चंद्राबाईंना समजावून सांगितलं की फोटो कार्डातून रीडरमध्ये येतात, रीडरमधून लॅपटॉपमध्ये, तिथून पडद्यावर. त्या लगेच म्हणाल्या, "म्हंजी खाचरावानीच. खालच्या खाचराला पानी येत न्हाई तवा आपन काय करतो? खालनं वर चालत जायचं. येकेका बांधाचं तोंड बघायचं. आनि येका येळी येकच तोंड उघडायचं, न्हाईतर पानी कुटनं आलं ते कळत न्हाई." मी वहीच्या डोक्यावर तेवढं वाक्य लिहिलं. मग आम्ही खालून वर निघालो. लॅपटॉपच्या त्याच जागी पेन ड्राइव्ह लावला, उघडला. म्हणजे ते तोंड मोकळं. रीडरमध्ये माझ्या जुन्या मोबाइलचं बारकं कार्ड अडॅप्टरच्या खोक्यात बसवून घातलं; तेही उघडलं. म्हणजे रीडर ठीक. "चला, वर," चंद्राबाई म्हणायच्या आणि मी रकान्यात टिंब द्यायची. तरी रीडरबद्दल शंका नको म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लोणावळ्याला बाजारात जाऊन नवा घेऊन आलो. दुकानदाराने कार्ड बोटांत धरलं न धरलं आणि म्हणाला, "मॅडम, हे गेलं. फॉरमॅट मारा, नायतर नवीन घ्या." चंद्राबाईंनी विचारलं, "तुमी घालून तरी बघितलं का?" तो म्हणाला, मावशी, अनुभवाने कळतं. "मंग अनुभव तुमच्याकडं ठिवा, कार्ड हिकडं द्या," म्हणून त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि चोळीत ठेवून दिलं. मळवलीला उतरेपर्यंत तिथेच होतं.

नव्या रीडरमध्येही तीच चौकट. कॅमेऱ्यात घातलं तर कॅमेरा म्हणे, कार्ड वाचता येत नाही. म्हणजे दोष कार्डातच. "आलो वरच्या तोंडाशी," मी म्हटलं. "मंग बघा ना त्या तोंडात." मी भिंग आणलं. कार्डाच्या मागे सोन्याच्या रंगाच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्यातूनच सगळी ये-जा होते. त्या सोनेरी नव्हत्या. गुळाच्या काकवीसारख्या तपकिरी दिसत होत्या. मला वाटलं गंज असेल. चंद्राबाईंनी कार्ड नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. मग खाली बसल्या. "बाई, ह्ये माज्यामुळं झालं." त्यांच्या घरात चुलीच्या वर एक फळी टांगलेली होती. पावसाळ्यात जे जे जपायचं ते तिथे. भोपळ्याचं बी, काकडीचं बी, आगपेट्या, सुकट, रेशनचं कार्ड. चुलीची ऊब लागते, ओल येत नाही, धुरामुळे कीड लागत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बी असंच राखलेलं आहे. कॅमेराही त्यांनी तिथेच ठेवला, आणि आत ओल राहू नये म्हणून त्याची बारकी बारकी दारं मुद्दाम उघडी करून, कार्ड काढून शेजारी बियांच्या पुरचुंडीवर ठेवलं... पंधरा दिवस. मला आणून देताना तेवढं परत आत घातलं. "लय जपून ठिवलं वो," त्या म्हणाल्या. त्यांचं वर्षाचं भात त्या कार्डावर अवलंबून होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने धुरात धरलं होतं. मला त्यांना सांगायला हवं होतं की वर्षभर फोटोंची नक्कल न काढण्याची चूक माझी, ती मोठी. मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते मंग भांडू. आदी धूर कसा काडायचा ते सांगा."

शाळेच्या बाईकडे खोडरबर नेहमी असतो. बाबाला पुन्हा विचारून घेतलं, तो म्हणाला, हळूच, दाब न देता. मी भिंगातून पाहत होते, खोडरबर चंद्राबाईंच्या हातात होता, कारण माझा हात थरथरतो आणि त्यांचा भाताचं एकेक रोप उपटूनही कधी थरथरला नाही. रबराला काळपट तपकिरी डाग लागत गेले. त्या मधूनच थांबून रबर हुंगायच्या. शेवटी पट्ट्या पिवळ्या दिसायला लागल्या. मऊ ब्रशने रबराचे कण झाडले, कार्ड रीडरमध्ये घातलं. या वेळी चौकट आली नाही. फायलींची यादी आली, एकाखाली एक, तारखांच्या ओळीने. मला बाबाचं वाक्य आठवलं की बघत बसू नकोस, आधी उतरवून घे. सगळं एकदम उतरवायला गेले तर मध्येच एका फोटोवर येऊन अडलं. चंद्राबाई म्हणाल्या, "तो दगड हाय. त्याला वळसा घाला." मग एकेक करून घेतले. अडेल तो सोडून पुढे, त्याचा नंबर वहीत. अठ्ठेचाळीस फोटोंपैकी एक्केचाळीस आले. एक-दोन अर्धे करडे होते. ज्यात खांब आणि खिंड स्पष्ट आहे असे चार मी लोणावळ्याहून मोठे छापून आणले.

रविवारी मालक आले. चांगला माणूस वाटला, पायात पांढरे बूट, चेहऱ्यावर घाई. सुपरवायझर त्यांना आधीच सांगून बसला होता की ही माणसं उगाच वाद उकरून काढतात. मालकांनी माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मी मराठीत म्हटलं, शेत चंद्राबाईंचं आहे, त्यांच्याशी बोला. चंद्राबाईंनी छापलेले फोटो पदराखाली धरले होते. पाऊस नव्हता, पण भुरभुर होती. त्यांनी एक फोटो मालकांच्या हातात दिला. "सायेब, ह्यो फोटू आमच्या हद्दीच्या दगडावरनं काडलाय. दगड न्हाई राह्यला. तुमीच हुडका." ते हसले. कसं शोधू? "ह्यो खांब बघा. फोटूत खिंडीच्या बराबर मदी हाय का न्हाई? आता समोर बघा." समोर खांब लोहगडाच्या पोटात दिसत होता. "मंग सरका. खांब खिंडीत येईस्तवर सरका. गुडघ्यावर बसून बघा, दगड तेवढाच व्हता. पँट मळंल, पन बसा." ते खरंच बसले. फोटो डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, चिखलात बाजूबाजूला सरकायला लागले. कुंपणापाशी पोहोचले, थांबले. "अजून," चंद्राबाई म्हणाल्या. सुपरवायझरने तार वर उचलून धरली आणि ते आपल्याच तारेखालून वाकून पलीकडे गेले. एक पाऊल. दोन. तिसऱ्यानंतर ते आपणच थांबले. मग त्यांनी दुसरा फोटो मागून घेतला आणि तोही तिथूनच लावून पाहिला, मग तिसरा. उठले तेव्हा दोन्ही गुडघे काळे झाले होते. म्हणाले, "इथंच येतंय." तेवढ्यात नामदेवने हाक मारली. कुंपणाच्या पायासाठी रचलेल्या दगडांच्या ढिगात त्याला एक सपाट डोक्याचा दगड सापडला होता, आणि त्याच्या डोक्यावर विळ्याची खाच होती. मालकांनी त्या खाचेत बोट घालून पाहिलं. सुपरवायझरकडे न पाहता म्हणाले, तार उद्या मागे घ्या. मोजणी होईल तेव्हा होईल. आणि चंद्राबाईंना म्हणाले, मावशी, बांध मी घालून देतो. "नगं," त्या म्हणाल्या. "बांध माजा मी घालीन. तुमच्या मानसांना माती दाबता येत न्हाई. तेवडं मशिन लांब ठिवा."

बांध त्यांनी आणि नामदेवने चार दिवसांत घातला, दगड रोवला, आणि लावणी वेळेवर झाली. पुढे थंडीत मोजणी झाली तेव्हा अधिकाऱ्याची खूण दगडापासून वीतभर अंतरावर पडली, तीही चंद्राबाईंच्या फायद्याची. त्यांनी दगड हलवू दिला नाही. लावणीनंतरच्या एका दुपारी मी त्यांना सगळे फोटो लॅपटॉपवर ओळीने दाखवले. पावसाचे आले तसं त्यांनी वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "ह्ये काळं काय?" मी म्हटलं, तुमची छत्री. माझी वही शेजारीच उघडी होती. त्यातला शेरा त्यांना वाचता येत नव्हता, पण माझ्यातल्या मास्तरणीला राहवलं नाही आणि मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "खराब कसं? कॅमेरा भिजला न्हाई ना?" मी पेन घेऊन तो शब्द खोडला. अकरा वेळा खोडावा लागला. तेव्हापासून मी वर्ष पुरं व्हायची वाट पाहत नाही. दर रविवारचा फोटो त्याच दिवशी तुम्हाला पाठवते. तुम्हाला वाटतं आजी फार नेमाने आठवण काढते. ते खरं आहेच, पण त्याखेरीज ती एक नक्कलही आहे, सुरक्षित ठिकाणी ठेवलेली.

गेल्या रविवारी मी पुन्हा शेतात गेले. कॅमेरा खाचेत ठेवला, तो आपला आपण बसला. समोर खांब खिंडीच्या मध्ये होता. पाऊस नव्हता, तरी फोटो काढायच्या आधी मी एकदा वर पाहिलं. तो फोटो तुम्हाला या लेखाबरोबरच मिळेल. ते जुनं कार्ड मी परत वापरलेलं नाही, पण टाकलेलंही नाही. हुंगलं तर अजून थोडा धूर येतो. दगड जागेवर आहे, बांध पाणी धरून आहे आणि त्यांनी यंदा स्वतःच्या हाताने लावलेलं भात कमरेएवढं उभं आहे. त्यांचा चेहरा असलेला फोटो माझ्याकडे एकही नाही. छत्रीचा कोपरा असलेले अकरा आहेत.